एका रेकॉर्डचा लांबलेला प्रवास

मुंबईच्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या बँडची एकच रेकॉर्ड निघाली : 'ऑब्सेशन 77'. नावात 77 असलं, तरी ती बाजारात आली 1981 मध्ये. तोवर बँडचा बहर ओसरला होता. तरीही आज भारतातल्या सायकेडेलिक रॉकचा इतिहास तिला वगळून सांगता येत नाही.

या संगीताची सुरुवात 1970 च्या आगेमागे झाली. सिगारेट कंपनीच्या 'सिमला बीट' स्पर्धेत देशभरातले बँड मुंबईत उतरत. त्याच सुमारास आपल्याच पुणे जिल्ह्यात, मळवलीला, 'स्नेहयात्रा' हा रॉक महोत्सव भरला. गिटारचे लांबवलेले तुकडे आणि घुमणारे, वाकवलेले सूर तरुणांना वेड लावत होते. पण हे वेड मोठ्या शहरांच्या हॉटेलांत आणि डिस्कोथेकमध्येच राहिलं. जिल्ह्याच्या या टोकाला, बारामती-इंदापुरात, लोकांच्या कानावर होतं भजन, वगनाट्य आणि दर आषाढीला तुकोबांच्या पालखीसोबत येणारा टाळ-मृदंगाचा गजर.

दोन्हींमध्ये सांधा जुळला तो रंगभूमीवर. 1974 मध्ये दिग्दर्शक अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' या संगीत नाटकात अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचे गायक मधुकर दास येशू झाले आणि रॉक गायक नंदू भेंडे ज्यूडास. चार वर्षांनी भेंडे यांनी पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'मध्ये मराठी गाणी रॉकच्या ढंगात गायली. ते नाटक बसवलं डॉ. जब्बार पटेल यांनी. त्यांचा दवाखाना होता बारामती-इंदापूरच्या शेजारी, दौंडला! माझ्या मते मराठी रॉकचा खरा जन्म त्या नाटकात झाला.

'ऑब्सेशन 77' मात्र विस्मरणात गेली, मूळ प्रती दुर्मिळ झाल्या. 2011 मध्ये अमेरिकेच्या नाऊ-अगेन कंपनीनं तिचं संगीत नव्यानं काढलं आणि जगभरच्या श्रोत्यांना हा बँड सापडला.

गाणं केवळ गुणांवर टिकत नाही. तुकोबांचे अभंग पावणेचारशे वर्षं टिकले, कारण दर वर्षी नवी दिंडी ते गाते. रॉकच्या मागे अशी दिंडी नव्हती. जपून ठेवलेल्या ध्वनिफिती होत्या, म्हणून ही रेकॉर्ड वाचली.

बारामती-इंदापुरातल्या घरांतही भजनी मंडळांच्या, शाहिरांच्या, शाळेच्या वाद्यवृंदांच्या जुन्या कॅसेट असतील. त्या बुरशीनं खाण्याआधी संगणकावर उतरवून घ्या आणि गावातल्या मुलांना ऐकवा.