दोनाला तीन, पाचाला सहा

लास व्हेगासच्या ‘स्ट्रिप’वर ब्लॅकजॅकच्या टेबलांमधून हिंडणारा माणूस प्रत्येक टेबलावर एकच गोष्ट वाचतो, मिनिमम. १५ डॉलर, २५ डॉलर, ५०, १००. खिशाला झेपेल असा आकडा दिसला की तो खुर्ची ओढून बसतो. टेबलावरच्या बनातीवर किंवा त्या छोट्या पाटीच्या खालच्या अंगाला आणखी एकदोन ओळी असतात. ब्लॅकजॅक लागला तर किती देणार, डीलर कुठल्या सतरावर थांबणार, अशा. त्या न वाचता बसलेला माणूस बऱ्याचदा स्वस्त समजून सगळ्यांत महाग टेबल निवडतो. जुगाराच्या नादाला लागू नये हे घरोघरी सांगितले जाते. पण जे जातात, त्यांना तिथला हिशेब कोणी सांगत नाही, आणि मला तो सांगितला पाहिजे असे वाटते.

खेळ सोपा आहे. राजा, राणी, गुलाम दहाचे, एक्का एक किंवा अकराचा, बाकी पत्ते त्यांच्या आकड्याचे. बेरीज एकवीसच्या पुढे न जाता डीलरपेक्षा जास्त करायची. युरोपात हा खेळ फार जुना आहे. ‘दोन किहोते’च्या सर्व्हांतेसने १६१३ साली छापलेल्या एका कथेत एकवीस खेळून लोकांना लुबाडणारा पोरगा आहे. अमेरिकेत नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला आणि हा खेळ तिथे स्थिरावला.

कॅसिनोचा फायदा येतो कुठून? फक्त एका गोष्टीतून. खेळाडू आधी खेळतो. त्याची बेरीज एकवीसच्या पुढे गेली, म्हणजे तो फुटला, की त्याचे पैसे तिथल्या तिथे उचलले जातात, मग पुढे डीलर स्वतः एकवीसच्या पलीकडे गेला तरी ते परत मिळत नाहीत. डीलर साधारण शंभरात अठ्ठावीस वेळा फुटतो. खेळाडूही डीलरसारखाच, सतरापर्यंत पत्ते घेत खेळला तर दोघेही फुटण्याचे प्रसंग शंभरात आठ येतात आणि ते आठही कॅसिनोच्या पदरात पडतात. यातून खेळाडूला सावरणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे डोके. बारावर थांबायचे की घ्यायचे, आठाची जोडी फोडायची की नाही, अकरावर रक्कम दुप्पट करायची का, हे त्याच्या हातात असते, डीलरच्या नसते. दुसरी म्हणजे ब्लॅकजॅक. पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता आला की परंपरेने दोनाला तीन मिळतात, म्हणजे दहा लावले तर पंधरा. असा हात एकवीस-बावीस डावांत एकदा येतो. त्यावरची ही वरची अर्धी रक्कम खेळाडूच्या बाजूला जवळपास सव्वादोन टक्के टाकते. हा सव्वादोनचा आकडा लक्षात ठेवावा, पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

डोक्याचा भाग नीट सोडवला तो चार अमेरिकी सैनिकांनी. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मायझेल आणि जेम्स मॅकडरमॉट हे मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीनच्या लष्करी तळावर होते. लष्कराची टेबलावरची गणनयंत्रे वापरून त्यांनी प्रत्येक हाताला कोणती चाल सर्वांत बरी ते काढले आणि १९५६ मध्ये अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात छापले. ही ‘बेसिक स्ट्रॅटेजी’. ती पाळली तर कॅसिनोचा फायदा शंभराला अर्ध्या-पाऊण रुपयावर येतो. संगणक हाताशी नसताना चार तरुणांनी केलेले हे काम आजही जवळजवळ तसेच टिकून आहे. त्याबद्दल मला फार आदर वाटतो.

त्यांचा निबंध वाचलेला एक गणितज्ञ पुढे निघाला, एडवर्ड थॉर्प. वाटून झालेले पत्ते परत येत नाहीत, त्यामुळे उरलेल्या कॅटमध्ये एक्के आणि दश्शे जास्त राहिले की पारडे खेळाडूकडे झुकते, हे त्याने एमआयटीमधल्या आयबीएम ७०४ संगणकावर सिद्ध केले. नॅशनल अ‍ॅकॅडमीच्या नियतकालिकात हा शोध १९६१ मध्ये आला, तो तिथवर पोहोचवला एमआयटीतल्याच क्लॉड शॅननने. १९६२ मध्ये थॉर्पचे ‘बीट द डीलर’ आले आणि पत्ते मोजणे ही गोष्ट सामान्य माणसाच्या हाती आली.

यानंतर जे झाले ते मला या खेळाच्या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण वाटते. १९६४ च्या एप्रिलमध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी एकत्र येऊन नियम बदलले. एक्क्यांची जोडी फोडायला बंदी, रक्कम दुप्पट करायची ती फक्त अकरावर. मोजणाऱ्या मूठभरांना आवरण्यासाठी केलेला बदल सगळ्यांना लागू झाला, आणि साध्या गिऱ्हाइकांनी टेबलांकडे पाठ फिरवली. काही आठवड्यांतच जुने नियम परत आले. मोर्चा नाही, निवेदन नाही, खटला नाही. लोक नुसते उठून गेले, एवढ्यावर काम झाले.

नंतरची वर्षे दोन्ही बाजूंच्या डावपेचांची आहेत. एका कॅटऐवजी चार, सहा, आठ कॅट लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या ‘शू’मधून वाटणे सुरू झाले. १९७८ मध्ये अटलांटिक सिटीत पहिला कॅसिनो उघडला तेव्हा तिथले नियम न्यू जर्सी राज्याच्या आयोगाने लिहिलेले होते. त्यांत एक सवलत अशी होती की डीलरचा ब्लॅकजॅक आहे का हे पाहण्याआधीच खेळाडूला अर्धी रक्कम सोडून हात टाकता येई. त्या एका सवलतीने बेसिक स्ट्रॅटेजीचा साधा खेळाडूही किंचित फायद्यात जात होता. १९८१ मध्ये ती काढून घेतली गेली. पुढच्याच वर्षी केन उस्टन या पत्ते मोजणाऱ्याच्या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डोके चालवतो एवढ्या कारणाने कॅसिनोला गिऱ्हाइकाला हाकलता येणार नाही. नेवाडात मात्र आजही हाकलता येते, मोजणे बेकायदा नसले तरी. एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या टोळ्या, त्यांच्यावरचा ‘२१’ हा २००८ चा सिनेमा, हे सगळे वाचकांना माहीत असते. मला ते दुय्यम वाटते. मोजणारे नेहमीच थोडे होते, आणि बदललेल्या नियमांची किंमत मोजणारे लाखो.

सर्वांत मोठा बदल २००३ च्या सुमारास स्ट्रिपवर आला. ‘सिंगल डेक’ म्हणजे एकाच कॅटचा खेळ अशी जाहिरात झाली. जाणत्यांना एका कॅटचा खेळ चांगला हे ठाऊक होते. बनातीवर मात्र छापले होते, ब्लॅकजॅकला पाचाला सहा. दहा लावले तर पंधराऐवजी बारा. ऐकायला तीन डॉलरचा फरक. पण वर सांगितलेल्या सव्वादोन टक्क्यांतले जवळपास एक पूर्णांक चार टक्के यात गेले, निम्म्याहून जास्त. कॅट एक असल्याचा फायदा आठ कॅटच्या तुलनेत जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे एका हाताने अर्धा देऊन दुसऱ्याने त्याच्या जवळपास तिप्पट काढून घेतले. मग हा पाचाला सहाचा नियम सहा आणि आठ कॅटच्या टेबलांवरही पसरला, आणि आज स्ट्रिपवरच्या कमी मिनिममच्या टेबलांवर तोच सर्रास दिसतो.

१९६४ मध्ये उठून गेलेले लोक २००३ नंतर का बसून राहिले? माझे मत असे की, १९६४ च्या नियमाने माणसाच्या हातातली चाल काढून घेतली होती. एक्क्यांची जोडी समोर असताना ‘फोडता येणार नाही’ हे कानावर पडले की डिवचल्यासारखे होते. पाचाला सहाने कोणतीही चाल काढली नाही. ब्लॅकजॅक लागल्याच्या आनंदातच वजाबाकी होते आणि पुढ्यात चिप्स येतच असतात. जिंकताना कापलेले पैसे माणूस मोजत नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये पाचाला सहाचा हा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नियमाप्रमाणे दोनाला तीनच द्यायला हवे होते, असे गिऱ्हाइकांचे म्हणणे होते. २०२१ मध्ये निकाल कॅसिनोच्या बाजूने लागला.

आता मिनिममकडे येऊ. सहा कॅट, पाचाला सहा, डीलर ‘सॉफ्ट’ सतरावर, म्हणजे एक्का अकराचा धरून झालेल्या सतरावर, आणखी पत्ता घेतो, मिनिमम १५ डॉलर. इथे बेसिक स्ट्रॅटेजी बिनचूक पाळली तरी कॅसिनोचा वाटा सुमारे दोन टक्के. तासाला सत्तर डाव धरले तर १,०५० डॉलर लावले जातात आणि सरासरी २१ डॉलर जातात. शेजारचे टेबल २५ मिनिममचे, बाकी सगळे तेच, फक्त दोनाला तीन. वाटा ०.६३ टक्के, तासाला लागले १,७५०, गेले ११. त्यापलीकडचे ५० डॉलरचे टेबल, जिथे डीलर प्रत्येक सतरावर थांबतो आणि अर्धी रक्कम देऊन हात सोडण्याची मुभा आहे. वाटा साधारण ०.३५ टक्के, तासाला लागले ३,५००, गेले १२. पंधरा डॉलरवाल्याचे एकवीस आणि पन्नासवाल्याचे बारा. टक्क्यांत बघितले तर लहान गिऱ्हाईक मोठ्याच्या जवळपास सहापट दराने पैसे देते. किराणा दुकानात पावशेर घेणाऱ्याला किलोचा भाव कधीच मिळत नाही, पण तिथेही सहापट कोणी लावत नाही.

म्हणून सगळ्यांनी पन्नासच्या टेबलावर बसावे असे मी म्हणत नाही. सरासरी ही फार लांबच्या पल्ल्याची गोष्ट आहे. एका तासात ब्लॅकजॅकमध्ये दर हाताला लावलेल्या रकमेच्या नऊ-दहापट वर किंवा खाली जाणे अगदी नेहमीचे असते. पंधराच्या टेबलावर हा हेलकावा दीडशे डॉलरच्या आत, पन्नासच्या टेबलावर पावणेपाचशेच्या घरात. ज्याच्याकडे दोनशे डॉलर आहेत तो पन्नासच्या टेबलावर अर्ध्या तासात रिकामा होऊ शकतो, नियम कितीही चांगले असोत. लहान माणसाची खरी अडचण ही आहे. चांगल्या नियमांसाठी मोठी थैली लागते, आणि ती त्याच्याकडे नसते. स्ट्रिपपासून दूर, जुन्या डाउनटाउनमधल्या फ्रीमाँट स्ट्रीटवर १९४१ पासून चालू असलेल्या एल कोर्तेझसारख्या ठिकाणी कमी मिनिममलाही एका कॅटचा दोनाला तीन खेळ मिळत आला, म्हणून जाणकार तिथे जात राहिले.

बाकीचे नियम थोडक्यात. डीलरने सॉफ्ट सतरावर पत्ता घेणे खेळाडूला ०.२ टक्क्याला पडते. जोडी फोडल्यावर रक्कम दुप्पट करण्याची मुभा ०.१४ टक्के परत देते. युरोपातल्या बऱ्याच ठिकाणी डीलर आपला दुसरा पत्ता शेवटी घेतो, त्यात ०.१ टक्का जातो. हे सगळे एकत्र केले तरी पाचाला सहाच्या निम्मेही होत नाहीत. ‘इन्शुरन्स’ मात्र कधीच घेऊ नये, सहा कॅटमध्ये त्यावर सात टक्क्यांहून जास्त जातात. टेबलावरच्या रंगीत गोलांतल्या जोड पैजांचेही तेच.

बडा माणूस काय करू शकतो ते डॉन जॉन्सनने २०११ मध्ये अटलांटिक सिटीत दाखवले. मंदीत गिऱ्हाइकांसाठी आसुसलेल्या कॅसिनोंशी त्याने आधी नियमांची घासाघीस केली. डीलर सतरावर थांबेल, पत्ते हाताने पिसले जातील, आणि ठरावीक मर्यादेपुढच्या तोट्यावर वीस टक्के सूट. मग हाताला एक लाख डॉलरपर्यंत लावत त्याने तीन कॅसिनोंकडून काही महिन्यांत दीड कोटी डॉलर नेले. पत्ते मोजण्याची त्याला गरजच पडली नाही. खेळायला बसण्याआधीच त्याने अर्धी लढाई जिंकली होती, कारण नियम लिहिताना तो समोर बसलेला होता.

आपल्याकडे हा प्रश्न गोव्यातल्या मांडवीच्या पात्रात येतो. १९७६ मध्ये दोन कायदे झाले. महाराष्ट्राने कॅसिनो नियंत्रण व कर कायदा केला, तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोवा, दमण व दीवचा सार्वजनिक जुगार कायदाही त्याच सालचा. तो मात्र १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांसाठी आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या खेळांसाठी सैल केला गेला. म्हणून माणसाच्या हाताने वाटलेला ब्लॅकजॅक गोव्यात जहाजावर खेळला जातो. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्याला प्रवेशाच्या पॅकेजात जेवण, पेये आणि एकदाच लावता येतील अशा काही चिप्स मिळतात. एकदा त्या संपल्या की तो स्वतःच्या पैशाच्या चिप्स घेतो, आणि तिथे एक असा खर्च उभा राहतो ज्यापुढे दोनाला तीन की पाचाला सहा हा फरकही लहान वाटावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. जिंकलेल्या पैशातून पुन्हा लावलेल्या रकमेवर तो नाही, पण पहिल्याच पायरीला इतका कर बसणाऱ्या खेळात कॅसिनो तो भार कुठून ना कुठून गिऱ्हाइकावर टाकणारच. प्रवेशशुल्कातून, चढ्या मिनिममातून किंवा नियमांतून.

गोवा सरकारला कर घ्यायचा असेल तर घ्यावा. मात्र प्रत्येक टेबलावर मिनिममच्या शेजारी, मिनिममइतक्याच मोठ्या अक्षरात, कोकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ब्लॅकजॅकचा दर व डीलरचा सतराचा नियम लिहिणे सक्तीचे करावे. यंदा सुट्टीत कोणी वाचक त्या जहाजांवर चढणार असेल तर त्याने चिप्स काढण्याआधी डीलरला एकच प्रश्न विचारावा, ‘ब्लॅकजॅकला किती देता?’ उत्तर पाचाला सहा आले तर त्या टेबलावर बसू नये.