विश्लेषण : बिग पनच्या पहिल्याच अल्बमने लॅटिन हिप हॉपला काय मिळवून दिले?

एखाद्या लॅटिन रॅपरच्या एकट्याच्या नावावरील अल्बम अमेरिकेत ‘प्लॅटिनम’ ठरायला 1998 साल उजाडावे लागले. हा मान बिग पनच्या ‘कॅपिटल पनिशमेंट’ला मिळाला. पण हिप हॉप जिथे जन्मले, तिथे लॅटिन तरुण पहिल्यापासून होतेच. मग इतका उशीर का झाला?

बिग पन कोण होता?

खरे नाव ख्रिस्तोफर रिओस. जन्म 1971 चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. कुटुंब मूळचे पोर्तो रिकोचे. या बेटावरील लोकांना 1917 मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि पुढे लाखो जण न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाले. ब्रॉन्क्सचाच रॅपर फॅट जो याने 1995 मध्ये स्वतःच्या अल्बममध्ये पनला संधी दिली.

त्याआधी लॅटिन कलाकार नव्हते का?

होते. 1973 मध्ये ब्रॉन्क्समधील ज्या पार्टीपासून हिप हॉपची सुरुवात मानली जाते, त्याच परिसरात कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन शेजारी-शेजारी राहत. डीजे चार्ली चेस, ब्रेकडान्सर क्रेझी लेग्ज हे पोर्तो रिकनच. पुढे पश्चिम किनाऱ्यावर किड फ्रॉस्ट, मेलो मॅन एस आणि ‘सायप्रेस हिल’ हा गट गाजला. तरीही रॅप म्हणजे कृष्णवर्णीयांची कला आणि लॅटिन कलाकार म्हणजे पाहुणे, हा समज कायम होता.

अल्बममध्ये विशेष काय?

यमक. साधारण रॅपमध्ये ओळीच्या शेवटी यमक जुळते. पन ओळीच्या पोटातही तीन-चार अक्षरी यमकांची साखळी गुंफतो आणि लांबलचक ओळी एका दमात म्हणतो. ‘ट्विन्झ’ हे गाणे त्याचा उत्तम नमुना. त्यात डॉ. ड्रे आणि स्नूप डॉग यांच्या 1992 च्या गाण्याचे संगीत वापरले आहे. ‘सुपर लिरिकल’मध्ये तो ‘द रूट्स’च्या ब्लॅक थॉटसमोर उभा राहतो आणि कुठेही कमी पडत नाही. भाषा मुख्यतः इंग्रजी, अधूनमधून स्पॅनिश, अगदी ब्रॉन्क्सच्या गल्लीत बोलतात तशी. हिंसा आणि स्त्रियांविषयीची शेरेबाजी मात्र आज ऐकताना खटकते.

यश किती मोठे?

28 एप्रिल 1998 रोजी आलेला हा अल्बम ‘बिलबोर्ड 200’ यादीत पाचव्या स्थानी पोहोचला. प्लॅटिनम म्हणजे 10 लाख प्रती. त्याला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमसाठी ग्रॅमी नामांकनही मिळाले. पुरस्कार जे-झीला गेला. ‘स्टिल नॉट अ प्लेयर’ हे गाणे रॅप न ऐकणाऱ्यांपर्यंतही पोहोचले.

पुढे काय झाले?

श्वासावरील हुकमतीसाठी नावाजलेल्या पनला लठ्ठपणामुळे श्वास घेणेच कठीण होत गेले. वजन 300 किलोंच्या पुढे गेले. 7 फेब्रुवारी 2000 रोजी, वयाच्या अवघ्या 28 व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. दुसरा अल्बम त्याच्या मृत्यूनंतर आला.

आज त्याचे महत्त्व काय?

पोर्तो रिकोच्याच बॅड बनीचा संपूर्ण स्पॅनिश अल्बम ‘उन वेरानो सिन ती’ 2022 मध्ये आला आणि त्याला ग्रॅमीच्या ‘अल्बम ऑफ द इयर’चे नामांकन मिळाले. या यशाचे सगळे श्रेय पनला देता येणार नाही. स्पॅनिश रॅप आणि रेगेटॉनची वाट वेगळी होती. पनने सिद्ध केले ते इतकेच, की लॅटिन रॅपरला ‘लॅटिनांमध्ये चांगला’ अशी सवलत नको. ‘सर्वोत्तम कोण’ या वादात त्याचे नाव आजही घेतले जाते, ते केवळ लेखणी आणि दमाच्या जोरावर.