पाय आखडतो तेव्हा
मल्टिपल स्क्लेरोसिस समजून घेताना : भाग ६

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेल्या कितीतरी जणांची झोप मध्यरात्रीच मोडते. गुडघा एकाएकी पोटाकडे ओढला जातो, पोटरी कडक होते आणि पाय सरळ करू म्हटले तरी होत नाही. कुणाचा पाय उलट ताठ पसरतो; व्हीलचेअरवर बसलेला माणूस अशा झटक्याने पुढे घसरून पडूही शकतो. घरातले कुणीतरी धडपडत उठते, पाय धरते आणि जोर लावून खेचते. मायेपोटीच खेचते, पण त्याने पेटका आणखी वाढतो.

स्नायू झटकन ताणला गेला की तो आकसतो, ही मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो तो तिच्यामुळेच. एरवी मेंदूकडून खाली येणारे संदेश या क्रियेला लगाम घालत असतात. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते, तंतूंनाही इजा होते आणि हा लगाम ढिला पडतो. ऑस्ट्रेलियातले मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८०मध्ये या ताठरपणाची जी व्याख्या मांडली, तिचा गाभा वेग हा आहे : स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका त्याचा विरोध वाढतो. म्हणून पेटका आलेला पाय झटका देऊन ओढायचा नाही. एक हात टाचेखाली आणि एक गुडघ्याखाली ठेवून, तो सैल पडेल तसतसा सावकाश सरळ करायचा. बसल्या जागी पाऊल थडथड उडू लागले, तर बहुधा चवड्यावर भार आलेला असतो. टाच जमिनीला टेकवून गुडघ्यावर तळहाताने स्थिर दाब दिला की ते बऱ्याचदा थांबते.

‘केळी खा’, ‘मीठ-साखर-पाणी घे’ हे सल्ले शेजारपाजारून येतातच. दमलेल्या पोटरीत येणाऱ्या साध्या गोळ्याला ते कदाचित लागूही पडतील. इथे मूळ दुखणे स्नायूत नसून मज्जासंस्थेत आहे. गरम पिशवीचा शेक मात्र नुसता निरुपयोगी नाही, धोक्याचाही आहे. एमएसमध्ये पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे कातडी भाजली तरी कळत नाही. शिवाय अंगातली उष्णता वाढली की एमएसची लक्षणे तात्पुरती बळावतात; श्रमानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती अंधुक होते, हे जर्मनीच्या विल्हेल्म ऊटहॉफ यांनी १८९०मध्येच नोंदवले आहे.

या भागातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा : आटोक्यात असलेले पेटके चार-आठ दिवसांत अचानक वाढले, तर ‘आजार वाढला’ असे लगेच धरून चालू नये. लगाम सुटलेल्या मज्जारज्जूला खालून येणारा कुठलाही त्रासदायक संदेश पुरतो. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, भरलेले मूत्राशय, बद्धकोष्ठता, बसून बसून माकडहाडाशी झालेली जखम, मांसात रुतलेले अंगठ्याचे नख, घट्ट मोजा. संवेदना बोथट असेल तर यांतले बरेचसे दुखतही नाही; दुखण्याच्या जागी पाय आखडतो. तेव्हा गोळीचा डोस वाढवण्याआधी लघवीची तपासणी करून घ्यावी, पोट साफ होते का ते पाहावे, पावले आणि बैठकीची जागा उजेडात नीट न्याहाळावी. मूळ कारण दूर झाले की पेटके पुष्कळदा पूर्वपदावर येतात. इंटरफेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या काहींमध्ये त्या औषधानेही ताठरपणा वाढतो. तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

औषधांत पहिले नाव बॅक्लोफेनचे. स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत १९६२मध्ये हाइनरिख केबर्ले यांनी ते तयार केले, तेही फेफऱ्यासाठी. फेफऱ्यावर ते फारसे चालले नाही, पण काही रुग्णांचे ताठरलेले स्नायू सैल झाले आणि औषधाला दुसरे आयुष्य मिळाले. मज्जारज्जूतल्या ‘गाबा’ या शमन करणाऱ्या रसायनासारखे ते काम करते. सुरुवात बहुधा ५ मिलिग्रॅमच्या गोळीने, दिवसातून तीनदा होते आणि डोस हळूहळू चढवला जातो. घाई केली तर गुंगी येते, पाय लुळे पडतात. हे लुळे पडणे किरकोळ समजू नये. अनेकांच्या कमजोर पायांना उभे राहायला हा ताठरपणाच आधार देत असतो. तो पूर्ण घालवला तर रात्र शांत जाते, पण सकाळी पलंगावरून उठताना गुडघे मोडून माणूस खाली बसतो. म्हणून पाय अगदी मऊ पडेपर्यंत डोस वाढवत नेण्यात शहाणपणा नाही.

बॅक्लोफेन एकाएकी बंद करणे तर सर्वांत घातक. गावी जाताना गोळ्यांची पट्टी घरी राहिली, दुकानात माल नव्हता, अशा कारणांनी खंड पडला तर पेटके उसळतात. भास, तीव्र ताप, झटके इथपर्यंत मजल जाऊ शकते.

दुसरे औषध टिझानिडिन. याने तोंड कोरडे पडते, रक्तदाब उतरतो, झोप येते. यकृताची तपासणी अधूनमधून लागते. आपल्याकडे कंबरदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांत ते वेदनाशामकासोबत असते, त्यामुळे नकळत दुहेरी डोस पोटात जाऊ शकतो. याहून गंभीर गाठ सिप्रोफ्लॉक्सॅसिनशी आहे. लघवीच्या संसर्गावर हे प्रतिजैविक सर्रास दिले जाते, आणि ते रक्तातले टिझानिडिनचे प्रमाण सुमारे दहापट वाढवते. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो. ही दोन औषधे एकत्र घ्यायचीच नाहीत. पेटके वाढले, लघवीत संसर्ग निघाला, जवळच्या डॉक्टरांनी ओळखीचे प्रतिजैविक लिहिले, हा क्रम इतका साहजिक आहे की टिझानिडिन घेणाऱ्याने चालू औषधांची चिठ्ठी खिशात बाळगलीच पाहिजे.

ठरावीक स्नायूच त्रास देत असतील, उदाहरणार्थ मांड्या एकमेकींना घट्ट चिकटून स्वच्छता करणे किंवा कॅथेटर घालणे अवघड होत असेल, तर बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनांचा उपयोग होतो. परिणाम साधारण तीन महिने टिकतो आणि त्या काळात ताणाचे व्यायाम नेटाने करावे लागतात. तोंडावाटे घेतलेली औषधे पुरी पडेनाशी झाली, तर पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या पंपातून बॅक्लोफेन थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडता येते. गोळ्यांचा हिशेब मिलिग्रॅमचा, इथला मायक्रोग्रॅमचा; म्हणून गुंगी कमी. आधी कमरेतून चाचणीचा डोस देऊन पायांवरचा परिणाम पाहतात. आपल्याकडे हा खर्च लाखांत जातो, दर काही महिन्यांनी पंप भरावा लागतो, आणि तो रिकामा राहणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे भरून देणारे रुग्णालय आवाक्यात आहे का, हा प्रश्न शस्त्रक्रियेआधीच विचारायला हवा.

तपासणीच्या टेबलावर ताठरपणा अॅशवर्थ मोजपट्टीने मोजतात. ब्रायन अॅशवर्थ यांनी १९६४मध्ये एमएसच्या रुग्णांवर एका औषधाची परीक्षा घेताना ती वापरली होती. पण सकाळी अकराचा पाय आणि रात्री दोनचा पाय एकसारखे नसतात. पेटका कधी आला, कुठल्या हालचालीने आला, त्याआधी लघवीला कधी जाऊन आलो होतो, एवढे वहीत लिहून नेले तर डॉक्टरांना डोसची वेळ ठरवता येते. रात्रीच्या पेटक्यांसाठी झोपतानाची एखादी गोळी वाढवणे दिवसभराच्या गुंगीपेक्षा कधीही बरे. अपंगत्व तपासणीलाही ही वही सोबत असावी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, तरी वरवर धडधाकट दिसणाऱ्याची रात्र कागदावर आपोआप उमटत नाही.

पेटक्यांचा मूत्राशयाशी संबंध इथे ओझरताच आला. पुढच्या आठवड्यात त्याच विषयाकडे वळू : लघवी तुंबणे, वारंवार होणे, आणि स्वतः कॅथेटर वापरायला शिकणे.