समुद्राची मोजणी करणारी मुंबईची आगबोट

दिवाळ्याच्या खाडीत होडी घालणारा कोळी उथळ पाण्यात बांबू टेकवून ठाव घेतो. बांबू पुरेनासा झाला की शिशाचे वजन बांधलेला दोर सोडावा लागतो. विद्या साधी, पण तिच्यावर हजारोंचे प्राण अवलंबून असतात. याच विद्येसाठी मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' या आगबोटीची हकीगत आम्ही येथे सांगणार आहोत.

१८६३ साली इंग्रज सरकारने 'इंडियन नेव्ही' हे आरमार मोडीत काढले आणि त्याबरोबर समुद्राची मोजणीही थांबली. पण वाळूचे दांडे सरकायचे थांबत नाहीत. जुन्या नकाशांवर भिस्त ठेवणे धोक्याचे झाले, तेव्हा १८७४ साली कलकत्त्यास सागरी मोजणी खाते उघडावे लागले. त्याच्यासाठी १८८१ साली ही लाकडी, बाजूच्या चाकांनी चालणारी, सुमारे ५८० टनांची आगबोट तयार झाली.

काम असे चाले. दोर सोडून खोली घ्यायची आणि त्याच क्षणी किनाऱ्यावरील ठरलेल्या खुणांमधले कोन मोजून जागा निश्चित करायची. मग भरतीचे पाणी वजा करून पूर्ण ओहोटीची खोली नकाशावर मांडायची. म्हणजे एवढे पाणी तरी मिळेलच, अशी कप्तानाला खात्री राही. शिशाच्या बुडाला चरबी लावलेली असे. तिला वाळू चिकटली की चिखल, यावरून तळ समजे. पावसाळा लागला की मोजणी थांबे.

याच बोटीने बंगालचा उपसागर, अंदमान आणि अरबी समुद्र यांच्या खोल तळाशी जाळी सोडली. आल्फ्रेड अल्कॉक हे डॉक्टर १८८८ ते १८९२ या काळात तिच्यावर निसर्गसंशोधक होते. वर आलेले मासे, खेकडे, प्रवाळ कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेले. अंदमानच्या एका लहानशा मुशीच्या शास्त्रीय नावात या बोटीचे नाव आजही आहे. पुढे त्याच नावाची दुसरी बोट आली आणि स्वतंत्र भारताच्या नौदलानेही आपल्या मोजणी-जहाजास हेच नाव दिले.

बोटीचे नाव राहिले, अधिकाऱ्यांचे राहिले. पण दोर ओढणाऱ्याचे काय? भट्टीत कोळसा टाकणाऱ्याचे काय? 'रॉयल इंडियन मरीन'चे पुष्कळ खलाशी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले असत. त्यांची नावे नकाशावर नाहीत. नकाशावरचा प्रत्येक आकडा मात्र कोणाच्या तरी हातांनी पाण्यातून वर काढलेला आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : आजोबा-पणजोबांच्या दर्यावरील नोकरीचे दाखले, पुस्तके कोणाच्या पेटीत असतील, तर ती रद्दीत घालू नका. या इतिहासाचे उरलेले अर्धे पान तेथेच सापडेल.