बोंबलाच्या माहेरी दोन दिवस

मढला जायच्या वाटा दोन. पाहुण्याला कुठल्या वाटेने नेतो, त्यावर त्याला कुठलं मढ दिसणार हे बरंचसं ठरतं. मालाड स्टेशनच्या पश्चिमेकडून २७१ क्रमांकाची बेस्ट बस मार्वे रोडने खारोडी, मार्वे, अक्सा, एरंगळ अशी गावं घेत थेट मढ जेट्टीपर्यंत जाते. खारोडीपाशी पाहुण्याला आवर्जून सांगावं की, १९२४ मध्ये खुला झालेला गेटवे ऑफ इंडिया इथल्या पिवळसर दगडातून उभा राहिला. दुसरी वाट पाण्यावरची. मेट्रोने वर्सोवा गाठायचं, रिक्षाने वेसाव्याच्या धक्क्यावर यायचं आणि फेरीबोटीत बसायचं. बोटीत माणसांबरोबर दुचाक्या, माशांच्या पाट्या, शाळेची दप्तरं असं सगळंच चढतं. रस्त्याने वेसाव्याहून मढला यायचं तर वीसेक किलोमीटरचा वळसा. बोटीने खाडी काही मिनिटांत पार होते.

बार्शीची माझी कॉलेजातली मैत्रीण पहिल्यांदाच मढला येणार होती, म्हणून मी बोटीची वाट धरली. बोटीने येणारा माणूस आधी कोळीवाड्यात उतरतो. गाडीने येणाऱ्याला मात्र आधी बंगले आणि रिसॉर्टच्या भिंती लागतात. शनिवार-रविवारी शहरातून इथे येणारी बरीच मंडळी त्या भिंतींआड दोन दिवस काढून परततात. त्यांनी पाहिलेलं मढ मला अर्धवट वाटतं.

तिला बोंबील नवा नव्हता. बार्शीच्या बाजारातून आणलेला सुका बोंबील तव्यावर भाजायचा, ठेचायचा, लसूण-तिखटात परतायचा आणि ज्वारीच्या भाकरीशी खायचा, हे तिच्या घरात आजीपासून चालत आलेलं. पण हा मासा ओला असताना कसा दिसतो, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. धक्क्यावरून वर येताच वाळवणाचं मैदान दिसलं आणि ती थांबलीच.

बांबूंचे उभे-आडवे सांगाडे आणि त्यांवर ताणलेल्या दोऱ्यांच्या ओळी, ही वलांडी. दोरीवर लटकलेल्या बोंबलांना गाठ नाही की चिमटा नाही. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक अलीकडे, एक पलीकडे. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले, त्यामुळे एकदा अडकलेली जोडी वाऱ्याने सुटत नाही. बायकांचे हात हे काम इतक्या झपाट्याने करतात की, नेमकं काय झालं ते कळायला शेजारी उभं राहून पाहावं लागतं. मैत्रिणीने एक जोडी अडकवून पाहिली, ती घसरली. शेजारच्या मावशींनी तिचा हात धरून, जबडा किती उघडायचा ते दाखवलं.

ओल्या बोंबलात जवळपास नव्वद टक्के पाणी असतं. म्हणून तो टिकत नाही, म्हणूनच तो वाळवायचा. दोन-तीन दिवसांच्या उन्हावाऱ्यात तो काडीसारखा होतो आणि मग घाट चढून देशावरच्या आठवडे बाजारांत पोहोचतो. पावसाळा सरल्यापासून मेपर्यंत हे वाळवण चालतं. मध्येच अवकाळी पाऊस आला तर वलांडीवरचा माल काळा पडतो, आणि एका रात्रीत घरच्या बाईची कमाई जाते. ही कमाई खरोखर बाईचीच. पुरुषांनी मासळी धक्क्याला लावली की पुढचं निवडणं, वाळवणं, भाव करणं, विकणं सगळं तिच्याकडे.

मढची मासेमारी मुख्यतः डोलीची. डोल म्हणजे रुंद तोंडाचं, शेवटाला निमुळतं होत गेलेलं पिशवीसारखं जाळं. ते समुद्रात पक्कं रोवलेल्या खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी धरतात. इथे माशाचा पाठलाग नाही. भरती-ओहोटीचं पाणीच मासळी जाळ्यात आणून सोडतं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकट्या ही डोलीची मासळी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, तेव्हा मासळी चांगली. भांगेला प्रवाह मंदावतो आणि बोटी धक्क्याला विसावतात. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तशी गावाची झोपजागही सरकते. पाहुणा आणायचा तर शनिवार-रविवारच्या जोडीला पंचांगातली तिथीही पाहावी, हा माझा आग्रह त्यासाठी.

आम्ही उधाणाचे दिवस साधले होते. शनिवारचं जेवण कोळीवाड्यातल्या ओळखीच्या मावशींकडे सांगून ठेवलं होतं, काय करायचं ते मात्र सांगितलं नव्हतं. बोट जे आणेल ते जेवायचं. बोंबील आले, मांदेली आली, थोडी करंदी आली.

बोंबलाचं डोकं, शेपूट, पर काढून मावशींनी तो पोटाकडून चिरला, पुस्तकासारखा उघडला आणि मीठ लावून पाट्याखाली दाबून ठेवला. पाट्याच्या कडेने पाणी वाहू लागलं. हे पाणी पुरतं निघालं नाही तर तव्यावर बोंबील लिबलिबीत होतो. मग हळद, घरचा कोळी मसाला, आलं-लसणाचं वाटण आणि वर तांदळाच्या पिठाचा हात. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखा असा बोंबील हॉटेलातही मिळतो. पण तव्यावरून थेट ताटात पडलेल्याची गोष्ट वेगळी.

कालवणाचे बोंबील दाबलेले नव्हते. हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर यांचं वाटण, मसाला, चिंचेचा कोळ आणि भरपूर पाणी. खोबरं नाही. मैत्रीण मदत म्हणून पळी घेऊन पुढे झाली, तर मावशी म्हणाल्या, “पोरी, पळी लावू नको, चुरा होईल.” त्यांनी टोपाच्या दोन्ही कडा फडक्याने धरल्या आणि टोपच गोल फिरवला. रस्सा ढवळला गेला, बोंबील अख्खे राहिले. सोबत तांदळाची भाकरी, मांदेलीचा कुरकुरीत तळलेला ढीग आणि वाफाळता भात. “आमच्याकडे येतो तो हाच का?” असं मैत्रीण पुन्हा पुन्हा विचारत होती.

संध्याकाळी किल्ल्याकडे गेलो. जुन्या कागदांत हा वेसाव्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात खाडीच्या तोंडावर नजर ठेवायला तो बांधला. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, फेब्रुवारी १७३९ मध्ये, तो मराठ्यांकडे आला. मे महिन्यात वसईही पडली. १७७४ मध्ये साष्टीबरोबर तो इंग्रजांनी घेतला. आज किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही. सिनेमा-मालिकांच्या चित्रीकरणामुळे त्याचे बुरूज, नाव ठाऊक नसलेल्यांनाही ओळखीचे असतात. आत जाता आलं नाही म्हणून हळहळू नये. तटाबाहेरचं किल्लेश्वर महादेवाचं मंदिर आणि त्याखालचे खडक ओहोटीच्या वेळी पाहावेत. मढ, मनोरी, उत्तन या पट्ट्यात सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टपेक्षा वेगळा, फिकट खडक सापडतो. भूशास्त्रज्ञ त्याला ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट म्हणतात. पाणी मागे गेलं की त्याच्या कपारींतून कालवं काढणाऱ्या बायका दिसतात.

अक्साच्या किनाऱ्याबद्दल एकच सांगते: तिथे पाण्यात उतरू नका. वाळूचा उतार फसवा आहे, परतीचा प्रवाह जोरकस आहे, आणि दरवर्षी पोहायला उतरलेली तरुण मुलं तिथे जिवाला मुकतात. जीवरक्षक ओरडून सांगत असतात, त्यांचं ऐका. किनाऱ्यावरून सूर्यास्त पाहा आणि परत फिरा.

रविवार एरंगळचा. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी इथल्या सेंट बोनाव्हेंचर चर्चची जत्रा भरते. चर्च १५७५ चं, आणि समुद्राला इतकं लगटून की प्रार्थनेत लाटांचा आवाज मिसळतो. पूर्वी लोक बैलगाड्यांतून आणि होड्यांतून यायचे. आज बसगाड्या ओसंडतात. ईस्ट इंडियन, कोळी, भंडारी सगळेच येतात आणि मेणबत्ती लावणाऱ्या हातांत हिरवा चुडा असलेले हातही दिसतात. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, मुंबई-साष्टीच्या या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःसाठी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. भाषा मात्र मराठीच राहिली. म्हाताऱ्या बायकांची बोली ऐकून मैत्रीण चकित झाली. बार्शीत ख्रिस्ती म्हटलं की तिला मिशनचा दवाखाना आठवायचा.

दुपारी एका ओळखीच्या घरी फुगे आणि बॉटल मसाल्यातलं मटण जेवलो. फुगे म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले मऊ गोळे; रस्सा टिपून घ्यायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. बॉटल मसाला उन्हाळ्यात वर्षाचा कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते सहसा कुणी सांगत नाही.

वेसावे-मढ पुलाचं काम मुंबई महापालिकेने हाती घेतलं आहे. आजारी माणसाला रात्री खाडीपलीकडे न्यायचं म्हटलं की पूल का हवा ते कळतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. काळजी आहे ती वाळवणाच्या मैदानांची. बांधकामाच्या नजरेला ती मोकळी, पडीक जागा वाटते. बांबू उपटले की कोरा भूखंड. कोळीवाड्यांच्या सीमांकनात घरांबरोबर वाळवणाच्या, जाळी विणण्याच्या आणि बोटी ओढण्याच्या जागाही मोजल्या जाव्यात, ही कोळी समाजाची मागणी म्हणूनच रास्त आहे. वलांडी गेली तर मढमध्ये बोट येत राहील, पण बाईचा धंदा उरणार नाही.

निघताना मैत्रिणीला सुके बोंबील घ्यायचे होते. मावशींनी पारख शिकवली. रंग फिकट सोनेरी हवा, पिवळाजर्द नको. वाकवला तर कटकन मोडला पाहिजे. वास समुद्राचा असावा, खवट नाही. पिशवी बांधून देताना त्या तिला म्हणाल्या, हे आताचं खायला झालं, वर्षाचं न्यायचं तर आगोटीला ये. १ जूनला मासेमारी बंद होते, त्याआधी मे महिन्यात पावसाळ्याच्या बेगमीचा बाजार भरतो. बोंबील, जवळा, करंदी, वाकट्या सगळं तेव्हा एकदम मिळतं, भावही बरा मिळतो. मैत्रिणीने तिथेच मावशींचा फोन नंबर लिहून घेतला आणि मे महिन्यातली अमावास्या कधी आहे ते विचारलं.