अंगणातली हिरवळ: आधी ऋतू ओळखा, मग कापणी

काश्मीरच्या सहलीहून अब्बा अक्रोड घेऊन आले आणि एक हट्टही. नूरजहाँचे बंधू आसफ खान यांनी 1633 मध्ये दल सरोवराच्या काठी उभारलेल्या निशात बागेत ते बराच वेळ हिरवळीवर बसून होते. तिथेच त्यांनी ठरवलं की खापरखेड्याच्या आपल्या अंगणातही असंच मऊ, गर्द गवत हवं. नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला नाही कोण म्हणणार? आम्ही नागपूरहून राय ग्रासचं बी आणलं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दहा बाय बारा फुटांच्या तुकड्यात पेरलं.

आठ दिवसांत कोंब आले. डिसेंबर-जानेवारीत अंगण असं सजलं की येणारा-जाणारा फाटकाशी थांबायचा. अब्बा रोज सकाळी खाली बसून कडेला उगवणारी हरळी मुळासकट उपटायचे. त्यांच्या लेखी ते तण होतं.

पहिली चूक आम्ही कापणीत केली. गवत चांगलं वीतभर वाढू दिलं आणि घरी पाहुणे येणार म्हणून एका दिवसात अगदी जमिनीलगत छाटलं. दुसऱ्या दिवशी सगळा तुकडा पिवळा पडला. गवताची पाती म्हणजे त्याचं स्वयंपाकघर. उन्हाच्या मदतीने अन्न तिथेच तयार होतं. ते एकदम काढून घेतलं की मुळांची उपासमार होते. म्हणून नियम असा की एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. गवत दोन इंच ठेवायचं असेल तर ते तीन इंच झालं की कापावं. फार वाढलंच असेल तर तीन-चार दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने खाली आणावं. राय ग्राससारखी थंडीची गवतं अडीच ते तीन इंच उंच ठेवलेली बरी. वर पाती जितकी आखूड, तितकी खाली मुळं उथळ राहतात.

पात्याच्या धारेचंही तसंच. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. फाटलेली टोकं सुकून तपकिरी होतात आणि तिथून रोग शिरतो. गवत ओलं असताना कापू नये, कारण ते नीट कापलं जात नाही आणि त्याचे गोळे होऊन बसतात. दर वेळी कापण्याची दिशा बदलावी. कापलेले बारीक तुकडे तिथेच पसरू द्यावेत. ते कुजून खताची जवळपास पाव गरज भागवतात.

हे सगळं शिकून फेब्रुवारीत हिरवळ पुन्हा सावरली. आणि एप्रिल आला.

ऊन चाळिशीपार गेलं तसं गवत कडेकडेने वाळू लागलं. अब्बांनी पाणी वाढवलं, सकाळ-संध्याकाळ पाइप सुरू. आमची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. वरून उष्णता आणि खाली दलदल, त्यामुळे गवतावर बुरशीचे गोल डाग पडले. तशातच नळाला पाणी एक दिवसाआड येऊ लागलं. एका संध्याकाळी अम्मीने नळ बंद केला आणि म्हणाली, "घरात सहा माणसं आहेत. त्यांच्यानंतर गवताचा नंबर." अब्बा काही बोलले नाहीत, पण त्या रात्री ते जेवलेही नाहीत. मे महिन्यात तिथे नुसती भेगाळलेली माती उरली.

चूक अब्बांच्या मेहनतीत नव्हती, निवडीत होती. गहू, मका, ऊस ही सगळी गवताच्याच कुळातली. तरी मे महिन्यात गहू कोणी पेरत नाही. राय ग्रास, फेस्क्यू, ब्लूग्रास ही गव्हाच्या चालीची गवतं आहेत. साधारण 15 ते 24 अंशांत ती बहरतात. हरळी उसाच्या चालीची, ती पस्तिशीतही जोमाने वाढते. श्रीनगर सुमारे 1,600 मीटर उंचीवर आहे, नागपूर जेमतेम 300 मीटरवर, आणि इथे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. तिथलं गवत इथे चार महिन्यांचा पाहुणा म्हणूनच राहू शकतं.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि वुजूच्या नळाखालचा कोपरा हिरवा झाला. अब्बांनी हिवाळाभर जी हरळी उपटली, तिचीच मुळं खाली जिवंत होती. शेतकरी ज्या गुणासाठी तिच्या नावाने बोटं मोडतो, तोच गुण अंगणात कामाला आला. अब्बा बराच वेळ तिथे उभे होते. मग त्यांनीच तिच्या कांड्या तोडून चार-चार बोटांवर लावल्या. पावसाळा संपेपर्यंत तुकडा भरला.

आता आमचा क्रम ठरलेला आहे. हरळी एक ते दीड इंच ठेवतो. पावसाळ्यात आठवड्याला कापणी, थंडीत महिन्यातून एखादी. पाणी रोज शिंपडत नाही. आठवड्यातून एक-दोनदा, पहाटे, खोलवर मुरेल असं देतो. आठवड्याला एक इंच पाणी पुरतं. आमच्या तुकड्याला ते साधारण 280 लिटर होतं. मोजायला गवतावर रिकामा डबा ठेवावा, त्यात एक इंच साचलं की नळ बंद. वुजूचं पाणी बिनसाबणाचं असतं, तेही पन्हळ काढून तिकडेच वळवलं आहे. वाहत्या नदीकाठीही पाणी जपून वापरण्याची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती अंगणापर्यंत पोहोचायला आम्हाला एक उन्हाळा लागला.

एप्रिल-मेमध्ये हरळी वरून पिवळी पडते. पडू द्यावी. ती मेलेली नसते, झोपलेली असते. तेव्हा कापणी आणि खत दोन्ही बंद ठेवून पंधरवड्यातून एकदा थोडं पाणी दिलं की पुरे.

अब्बांचा हट्टही आम्ही मोडला नाही. ऑक्टोबरअखेर हरळी थोडी आखूड कापतो आणि वरून चौरस मीटरला 30 ग्रॅमच्या हिशेबाने राय ग्रासचं बी टाकतो. फेब्रुवारीपर्यंत अब्बांचं काश्मीर अंगणात असतं. मार्चमध्ये ते निघू लागलं की अब्बा पाइपला हात लावत नाहीत. खाली हरळी आहे, हे त्यांना ठाऊक असतं.