पावणेनऊ सेकंदांचा सिनेमा

ॲनिमेशन म्हटलं की मोठा स्टुडिओ, महागडं सॉफ्टवेअर आणि वर्षभराचा कोर्स डोळ्यांसमोर येतो? एक मोबाइल, सहा फोटो आणि एक फुकटचं सॉफ्टवेअर एवढ्यावरही भागतं. आणि त्यातून घरातला एखादा खराखुरा प्रश्नही सुटू शकतो!

"अगं, हा बाण वर जातोय की खाली?"

रात्रीचे साडेनऊ. क्लायंटची मीटिंग, मग खचाखच भरलेली लोकल, असं करत मी ठाण्याला घरी पोचलेय. बाबा हॉलच्या भिंतीला तोंड करून उभे. डाव्या हातात फिजिओ मॅडमनी दिलेला झेरॉक्सचा कागद, उजवा हात भिंतीवर.

बाबांना उजवीकडे फ्रोझन शोल्डर झालाय. बनियन काढणं म्हणजे रोजचं युद्ध. फळीवरचा डबा आईनेच काढायचा. मॅडमनी क्लिनिकमध्ये व्यायाम नीट करून दाखवला होता: भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, थोडं थांबायचं आणि तसंच सावकाश खाली यायचं. पण घरी येईस्तोवर सगळं विसरायला झालं. कागदावर दोनच चित्रं. एकात हात खाली, दुसऱ्यात वर, मध्ये एक बाण. मधल्या वाटेत काय करायचं, किती वेळात करायचं, हे त्या बाणाला कुठलं माहीत असणार? मग बाबांनी स्वतःची स्टाइल काढली. अख्खा खांदा उचलून हात झटक्यात वर, एक 'आई गं', आणि हात धप्पकन खाली.

मी आधी व्हिडिओ काढला. तो संपला की बाबांना परत प्ले दाबायला जावं लागे, पंख्याची घरघर वेगळीच, आणि मी हात हलवला होता माझ्या स्पीडने. त्यांना हवं होतं ते वेगळंच. प्रत्येक पायरी थांबून दिसावी आणि चित्र आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावं. थोडक्यात, एक जिफ!

म्हातारं, पण कामाचं

'जिफ' की 'गिफ' हा वाद बाजूला ठेवू. हा फॉरमॅट कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने १९८७ मध्ये आणला. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चित्र किती वेळ दिसावं हे ठरवण्याची सोय झाली. पुढे नेटस्केप ब्राउझरने ते चित्र गोल गोल फिरत ठेवायची युक्ती दिली. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग, आवाज नाही. पण बाबांच्या व्यायामाला आवाज हवाय कशाला?

आणि स्थिर चित्रं ओळीने दाखवून हालचाल समजावणं आपल्याला नवीन थोडंच आहे? दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला, तो वाटाण्याचं रोप कसं वाढतं हे दाखवणारा. जे डोळ्याला एका बैठकीत दिसत नाही, ते त्यांनी फ्रेम फ्रेम जोडून दाखवलं. आपण तेच करायचं, फक्त घरच्या घरी.

आधी फोटो

मोबाइल हलला की सगळं मुसळ केरात! स्टूल, त्यावर पुस्तकांची चळत आणि तिला टेकवून मोबाइल. टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना धक्का बसत नाही. मागे साधी भिंत हवी, कारण रंग कमी असले की जिफ स्वच्छ दिसतं आणि फाइलही लहान होते. अंगातला टी-शर्ट मात्र भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचा. मी भिंतीसमोर उभी राहिले आणि हात दर वेळी वीतभर वर सरकवत सहा फोटो काढले.

मग गिंप

गिंप हे सॉफ्टवेअर बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये लिहायला घेतलं. ते आजही फुकट मिळतं आणि विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. फाइल मेन्यूत 'ओपन ॲज लेयर्स' निवडा आणि सगळे फोटो एकदम उघडा. प्रत्येक फोटो एक लेयर, आणि प्रत्येक लेयर म्हणजे एक फ्रेम. लक्षात ठेवा, सर्वांत खालचा लेयर सर्वांत आधी दिसतो. 'स्केल इमेज'मध्ये जाऊन रुंदी ४८० पिक्सेलवर आणा.

हात खाली आणायला वेगळे फोटो लागत नाहीत. पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा अशा लेयर्सच्या कॉपी करून त्याच क्रमाने वर रचा. झाल्या दहा फ्रेम्स!

खरी गंमत वेळेची

लेयरच्या नावापुढे कंसात मिलिसेकंदांचा आकडा टाकायचा आणि त्याला चिकटून इंग्रजीत एमएस लिहायचं. तेवढा वेळ ती फ्रेम पडद्यावर थांबते. वर जातानाच्या पाच फ्रेम्सना मी ५०० दिले. सर्वांत वरच्या फ्रेमला ३०००, कारण तिथे थांबायचंय. उतरतानाच्या चार फ्रेम्सना ८००, कारण बाबांची खरी घाई तिथेच. बेरीज ८.७ सेकंद, म्हणजे जेमतेम पावणेनऊ.

फिल्टर्समध्ये ॲनिमेशन आणि तिथे प्लेबॅक. इथे आपला सिनेमा बघून घ्या. मग 'एक्स्पोर्ट ॲज' करताना नावाच्या शेवटी डॉट जीआयएफ लिहा आणि 'ॲज ॲनिमेशन' व 'लूप फॉरएव्हर' या दोन्हींवर टिक करा. पहिली टिक विसरलात तर हाती एकच स्थिर चित्र पडतं. मी विसरले होते! मूळ फाइल गिंपच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये वेगळी सेव्ह करा. पुढे का ते कळेलच.

ऑफिसमध्ये फोटोशॉप असेल तर टाइमलाइन पॅनेल उघडून 'क्रिएट फ्रेम ॲनिमेशन' करा. पॅनेलच्या मेन्यूतलं 'मेक फ्रेम्स फ्रॉम लेयर्स' दाबा, प्रत्येक फ्रेमखाली वेळ निवडा आणि 'सेव्ह फॉर वेब'मधून जिफ काढा.

रिटेक!

फुशारकीने मी ते जिफ फिजिओ मॅडमना पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं, "चौथ्या फ्रेममध्ये तुमचाच खांदा कानाकडे चाललाय. बाबा तेच शिकतील." बघितलं तर खरंच! बाबांची चूक मीच लूप करून त्यांना दिवसभर दाखवणार होते. व्हिडिओत ती कुणाच्या लक्षात आली असती का, शंकाच आहे. चौथा फोटो पुन्हा काढला आणि मूळ फाइलमध्ये तेवढे दोन लेयर बदलले. वीस मिनिटांत काम फत्ते. तेव्हा व्यायामाचं जिफ करणार असाल तर आधी तज्ज्ञांना दाखवा, मगच घरच्यांना.

आता जुना लॅपटॉप टीव्हीशेजारी उघडा असतो. ब्राउझरमध्ये मी अखंड हात वर-खाली करत असते आणि बाबा माझ्या तालावर. आईला सुरुवातीला फार हसू यायचं. फ्रोझन शोल्डर जायला महिनोन्‌महिने लागतात, जिफने काही चमत्कार होत नाही. पण बाबा आता झटका देत नाहीत. हात पोचेल तिथे भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून ठेवतात. दोन महिन्यांत रेघा चार बोटं वर सरकल्यात.

एक तारखेला मी उठून बाहेर आले तर बाबांनी कॅलेंडरचं पान उलटलेलं. उजव्या हाताने. मला बघून म्हणाले, "कागदावर अजून दोन व्यायाम आहेत. त्यांचा सिनेमा कधी काढतेस?"

या रविवारी शूटिंग आहे!